मिठाचा गोटा

हिंगोली, २१ जानेवारी २०२५

शालूमावशी,

हे पत्र राजनंदिनी तुला वाचून दाखवील. राजनंदिनी, सावकाश वाच. आजीनं मधेच शिवी दिली तर थांब, ती पूर्ण होऊ दे आणि मग पुढं जा.

अंगदला मी पुष्कळदा फोन केला. तो म्हणतो, "माय फोन कानाला लावत न्हाई. हिंगोलीचं नाव काढलं की उठून मेंढरात जाऊन बसून राहिली." म्हणून पत्र. पत्रावरूनही उठून जाता येतं, पण ते घरात राहतं.

आधी एक गोष्ट. गेल्या चैत्रात तुला इथून उठवलं तेव्हा मी नांदेडला होते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. परत आले तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी होती, आणि घरासमोरच्या मैदानावर लेंड्या होत्या, मेंढरं नव्हती. मला वाटलं, यंदा लवकर हललात. खरं काय झालं ते निताकडून कळलं. निता म्हणजे समोरच्या घरातली, तुला ताक आणून देणारी. सांगताना ती रडत होती. तिनं सांगितलेलं तुला परत सांगत नाही, तू तिथं होतीस. कळमनुरीच्या अलीकडे दोन कोकरं उन्हानं गेली, हे मात्र अंगदनं मला दिवाळीनंतर सांगितलं.

आता इथलं. आमच्या नगराला यंदा चाळीस वर्षं होतात. नगराचं नाव कागदावर काहीही असो, मैदानातल्या देवाच्या गोट्यावरून ऑटोवाले "गोटा" म्हणतात. "गोट्यावर उतरायचं का?" देवस्थान समिती स्मरणिका काढते आहे. समितीचे सचिव किसनसिंग माझ्याकडे आले. तुला उठवलं तेच. एसटीत कंडक्टर होते, अजून प्रत्येक वाक्य मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं बोलतात. म्हणाले, "मॅडम, तुमी कॉलेजात मराठी शिकवलं. नगराचा इतिहास लिवा. पहिल्या पानावर गोटोबा स्वयंभू कसा प्रकटला ते येऊ द्या. बाकी तुमच्या मर्जीनं."

मी हो म्हटलं.

लिहायला बसले तेव्हा कळलं की या जागेचा इतिहास म्हणजे बराचसा तूच आहेस. हिंगोलीला छावणी होती तेव्हा हे घोड्यांच्या गवताचं कुरण होतं, असं बाबा सांगायचे. त्यापुढचं मला स्वतःला आठवतं. ज्वारी निघाली, होळी झाली, की डोंगरकडा गावाकडून मसाजीकाका आणि तू मेंढरं घेऊन यायचात. बाबा विहिरीचं पाणी आणि ज्वारी द्यायचे, तुम्ही मेंढरं शेतात बसवायचात. आज या तुकड्यात, उद्या पलीकडच्या. दोरीच्या जाळीची वाघर रोज पुढं सरकायची, आणि मागं उरायची ती काळी, उबदार, लेंड्यांनी भरलेली जमीन. बाबा दुसरं खत कधी विकत आणत नसत.

मला डांग्या खोकला झाला होता तेव्हा तू मला कमरेवर घेऊन वाघरीत फिरायचीस आणि शेळीचं धारोष्ण दूध पाजायचीस. तुझं लग्न होऊन तेव्हा एखादं वर्षही झालं नसेल. तू स्वतःच पोर होतीस. हे स्मरणिकेत येणार नाही, पण मला ते रोज आठवतं.

अजून एक. आमच्या नगरातल्या बाभळी कुणी लावलेल्या नाहीत. नगरपालिकेनं लावलेली झाडं केव्हाच वाळली. तुमची मेंढरं वाटेत शेंगा खाऊन यायची आणि जिथं बसायची तिथं पुढच्या पावसात बाभळी उगवायच्या. आज गल्ल्या ज्या सावलीत उभ्या आहेत ती सावली वाघरीच्या रेषेनं जाते. मी घरून निघून बाजारापर्यंत तुमच्या मेंढरांच्या सावलीतून जाते.

एवढंच सांगायचं होतं. तुझ्याकडून मला काही नको आहे.

शिवकन्या


हिंगोली, १६ फेब्रुवारी

शालूमावशी,

राजनंदिनीनं तुझा निरोप पाठवला. "आजी म्हणते, तुमचा देव तुमच्यापाशी ठेवा."

ठीक आहे. मग देवाचंच बोलते. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आईनं नको म्हटलं होतं. आता ती जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तिची गोष्ट लपवून तुझाच अपमान होत असेल, तर ती लपवण्यात अर्थ नाही.

तो गोटा मसाजीकाकांच्या वडलांनी कयाधूतून आणला होता, हे तू मला सांगू नकोस, मला ठाऊक आहे. मेंढरांना मीठ चाटायला. पिढ्यान्‌पिढ्या जिभा फिरून त्याला वरून खोलगा पडला. आज त्या खोलग्याला नगरातले लोक देवाचा तळहात म्हणतात. लेकरांना तिथं हात ठेवायला लावतात.

बाबांनी शेताचे प्लॉट पाडले ते तुला माहीत आहे. सगळ्यांनीच पाडले. शहर औंढा रस्त्यानं येतच होतं. शेवटी हा गोट्याचा तुकडा राहिला. त्यालाही गिऱ्हाईक आलं. दुसऱ्या दिवशी मोजणी होती. सकाळी गिऱ्हाईक आलं, तर गोट्याला शेंदूर, पुढं नारळ, दोन उदबत्त्या. त्या माणसानं चपला काढल्या, हात जोडले आणि बाबांना म्हणाला, "संतरामजी, देवाची जागा दाखवून राहिले का मला?" आणि तो गेला.

बाबा घरी आले. आई भाकरी थापत होती. बाबांनी तिच्या हातांकडे पाहिलं. नखांत शेंदूर होता. "हात धू," एवढंच म्हणाले. ती जागा त्यांनी नकाशात मोकळी सोडून दिली. स्वतःच्या हातानं त्या गोट्यावर मीठ टाकणारा माणूस, पण मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

आईला मी विचारलं, काहून केलंस? म्हणाली, "होळी तोंडावर आली. शालू येईल, मेंढरं कुठं बसवील?"

तिनं शेंदूर रस्त्याच्या अंगाला लावला होता. वरचा खोलगा कोरा सोडला होता. आठवतं, त्या वर्षी तू आलीस आणि घाबरलीस? हातात मिठाचा डबा घेऊन उभी राहिलीस. "सत्यभामाबाई, हे काय झालं? आता मीठ कसं घालू?" आणि आई म्हणाली, "घाल तू. देव काय म्हणत न्हाई. म्या इचारलंय त्याला."

मी तिथंच होते. हसू येऊ नये म्हणून मी विहिरीकडे तोंड केलं. नंतर आई मला म्हणाली, "शालूला सांगू नको. तिला देवाचं भय हाये. आणि गोष्ट फुटली तं जागा जाईल."

त्यानंतर इतकी वर्षं दोन्ही चाललं. रस्त्याकडून देव, मैदानाकडून मीठ. कुणाची तकलीफ नव्हती. दोन वर्षांपूर्वी समिती झाली. त्यांनी ओटा बांधला, फरशी लावली, आणि उत्साहानं सगळाच गोटा शेंदरानं माखला, खोलग्यासकट.

गेल्या वर्षी तू तो खोलगा खुरप्यानं खरवडलास. निता म्हणते, तू ओरडून सांगत होतीस की मेंढराला शेंदूर बाधतो, पोटात गेला तर मरतं. कुणी ऐकलं नाही. ऐकणाऱ्यांना फक्त देवाच्या अंगावर चालणारं खुरपं दिसलं.

म्हणजे असं झालं, मावशी. तुझी मेंढरं बसावीत म्हणून माझ्या आईनं देव बसवला, आणि त्याच देवाच्या नावानं तुला उठवलं.

आता समिती मैदानाला भिंत घालणार आहे. फाटक माणूस जाईल एवढं. पुढच्या महिन्यात बैठक आहे. भिंत झाली तर तुझ्या रागाचाही काही उपयोग राहणार नाही. तुला यावंसं वाटलं तरी येता येणार नाही. बैठकीत मी हे सगळं वाचून दाखवणार आहे. लोक म्हणतील, देवच खोटा तर जागा कशाला ठेवायची? तसं म्हटलं तर आईनं वाचवलेली जागा माझ्या हातून जाईल. ही भीती मला आहे. पण तू देवाची गुन्हेगार ठरून जागा राहावी, हे आईलाही नको झालं असतं.

राजनंदिनी, आजी उठून गेली असेल तर हे पत्र कोनाड्यात ठेव. नंतर वाच.

शिवकन्या


हिंगोली, ९ मार्च

शालूमावशी,

बैठक झाली. किसनसिंगांच्या अंगणात, बाभळीखाली. सतरंज्या टाकल्या होत्या. बायका भिंतीकडे, पुरुष खुर्च्यांवर. मी लिहिलेलं वाचलं. कुरणापासून सुरुवात केली आणि आईच्या नखांपर्यंत आले.

वाचून झालं. मग किसनसिंग म्हणाले, "मॅडम, सोच समझके बोलो. लोक इथं नवस बोलून राहिले."

निता उभी राहिली. "माझं लेकरू गोटोबाच्या नवसाचं हाये. देव न्हाई म्हणता, मग ते कोणाचं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "घरी जाऊन नवऱ्याला इचार की." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नितानं मागं वळून अशी नजर टाकली की तो माणूस खुर्चीत खाली सरकला.

चांगुणाबाई बसल्या होत्या, त्यांना तू ओळखतेस. पहिल्या प्लॉटवाल्या, विहिरीशेजारच्या. त्या म्हणाल्या, "सत्यभामाबाईच्या हातचा शेंदूर हाये का? मग झालं. त्या बाईनं लावला तं देव बसलाच असंल. आपल्या हातानं लावला तं न्हाई बसणार."

हे सगळ्यांना एकदम पटलं. माझी इतक्या दिवसांची भीती चांगुणाबाईंनी पदरावरचं कुसळ झटकावं तशी झटकली. मी इतिहास सांगायला गेले होते, आणि तो ऐकून देव आणखी घट्ट झाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मग मी न लिहिलेलं बोलले. म्हटलं, गेल्या वर्षी शालूबाईंना भर दुपारी वाघरीच्या खुंट्या उपटायला लावल्या. कळमनुरीच्या अलीकडे त्यांची दोन कोकरं उन्हात मेली.

किसनसिंगांनी चष्मा काढला. "मेली? मला कोणी बोललं न्हाई." सगळ्यांकडे बघत म्हणाले, "मग त्या बाईला कोणी थांबवलं काहून न्हाई?"

"तुमीच तं उठवलं, भाऊ," निता म्हणाली.

त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग मला विचारलं, "मॅडम, मीठ कोणतं लागतं? खडे का बारीक?"

भिंत ओट्यापुरती घालायची ठरली. मैदान मोकळं राहील. ठराव एकमतानं झाला, म्हणजे ज्यांना पटला नाही ते चहा प्यायला उठले. शालूबाईंना आवतन द्यायला कुणी जायचं, हा प्रश्न आला तेव्हा किसनसिंग म्हणाले, "मीच जातो. उठवलं मी, बोलवायला दुसरा कसा जाईल?"

ते येतील. नारळ आणि साडी घेऊन येतील. मोठ्यानं बोलतील. त्यांना घरात घे एवढं मागते. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझ्याकडून मला काही नको. ते खरं नव्हतं.

शिवकन्या


हिंगोली, २३ मार्च

शालूमावशी,

किसनसिंग परत आले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "चहा पाजला. शेळीच्या दुधाचा. मोठी बाई हाये." बस. त्यांच्या जाकिटावर खांद्यापासून खिशापर्यंत लोकर चिकटली होती, पण त्याबद्दल एक शब्द नाही.

नंतर राजनंदिनीचा फोन आला. हसून हसून तिला बोलता येईना. तू नारळ घेतलास, साडी घेतलीस, आणि म्हणालीस, "बसता काय? अंगदचं कातरणं चालू हाये, धरायला माणूस कमी हाये. मेंढी धरा." आणि त्यांना दुपार कलेपर्यंत मेंढ्या धरायला लावल्यास. एक एडका त्यांना पाडून निघून गेला. अंगद धावला, तर तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. कंडक्टर हायेत, गर्दीची सवय असंल त्याहिला."

निघताना त्यांनी विचारलं, येता ना मग? तू म्हणालीस, "मेंढरं ठरवतील."

मावशी, मी घरात एकटीच मोठ्यानं हसले. अशी मी आई गेल्यापासून हसले नव्हते.

तू त्यांना बोलली नाहीस, शिव्या दिल्या नाहीस, कोकरांचा उल्लेखही केला नाहीस. राजनंदिनी म्हणते, तो त्यांनीच केला. मेंढी धरून बसले असताना, खाली बघत. आणि तू फक्त एवढंच म्हणालीस, "पाय धरा तिचा नीट, झटकती."

त्यांच्याशी तू असं वागलीस, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. माझ्या गल्लीतल्या माणसाला तू त्याच्या चुकीसकट परत पाठवलंस, पण लहान करून पाठवलं नाहीस.

वाट पाहते.

शिवकन्या


हिंगोली, २२ एप्रिल

शालूमावशी,

तुम्ही गेल्याला आठवडा झाला. लेंड्या बायकांनी टोपल्या भरून नेल्या, कुंड्यांना. मैदान झाडल्यासारखं स्वच्छ आहे. सकाळी घंट्या ऐकू येत नाहीत त्याची सवय व्हायला वेळ लागेल.

इथं होतीस तेव्हा बोलायचं राहून गेलं. तू वाघरीजवळ बसायचीस, मी खुर्ची आणायचे, तू म्हणायचीस, "खाली बस, गुडघे काय इकून खाल्ले का?" आणि मग आपण आईबद्दल बोलायचो. पहिल्याच दिवशी तू गोट्यासमोर उभी राहिलीस. अख्खी गल्ली बघत होती, ही पाया पडते का पाहायला. तू पदर कमरेला खोचून म्हणालीस, "सत्यभामा, मला फशिवलंस व्हय गं! म्या तवाच म्हटलं, देवाला इचारून येते ही बाई, म्हणजे कोणत्या रस्त्यानं गेली?" आणि नंतर रस्त्याकडे पाठ करून डोळे पुसलेस. माझ्याशिवाय ते कुणी पाहिलं नाही. कुणाला सांगणार नाही.

किसनसिंग खडे मिठाचं पोतं घेऊन उभे होते. ओट्यावरची फरशी काढतो, खोलगा साफ करून देतो म्हणाले. सगळ्यांना वाटलं तू हो म्हणशील. गोटा तुमचा होता.

तू म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या. सत्यभामाबाईनं बसवला, म्या कोण उठवणार? आमाला जागा पाहिजे होती. दगडाला काय, नदीत लई हायेत." आणि अंगदला हाक मारलीस. टेम्पोत, कोकरांच्या मागं, पोत्यात गुंडाळलेला पैनगंगेतला काळा गोटा होता. तू घरूनच आणला होतास. म्हणजे किसनसिंगांना "मेंढरं ठरवतील" म्हणालीस तेव्हा तुझं ठरलेलं होतं.

तो अंगदनं आणि किसनसिंगांनी मिळून पलीकडच्या बाभळीखाली ठेवला. पहिल्यांदा मीठ टाकलंस तेव्हा मेंढरं आलीच नाहीत. जुन्या गोट्याकडेच माना करून उभी होती. तू एका म्हाताऱ्या मेंढीचं तोंड धरून मिठावर टेकवलंस. मग बाकीच्या आल्या.

स्मरणिका छापून झाली. पहिल्या पानावर जे घडलं तेच आहे. तुझं, मसाजीकाकांचं आणि आईचं नाव आहे. राजनंदिनीसाठी वेगळी प्रत ठेवली आहे, पुढच्या खेपेला घेऊन जा.

माझं आयुष्य बहुतेक पुस्तकांत गेलं. आता मागं वळून बघते तेव्हा मला जे मिळालं त्यातलं पुष्कळसं पुस्तकांतून आलेलं नाही. खोकणाऱ्या पोरीला कुणी कमरेवर घेतलं. कुणी सावली पेरून गेलं आणि पेरली असं म्हणालंही नाही. दर वर्षी कुणीतरी आलं, म्हणून माझ्या आईला बोलायला माणूस मिळालं. आणि यंदा मलाही.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या गोट्यावर कुंकू होतं आणि झेंडूची दोन फुलं. मी बादली नेली आणि धुऊन काढलं. पुढच्या दिवशी परत कुंकू. परत धुतलं. कोण लावतं कळेना. निताला विचारलं, तिनं शपथ घेतली. आज मी लवकर गेले, आता सापडेलच म्हणून. किसनसिंग तिथं होते. उकिडवे बसून नारळाच्या काथ्यानं गोटा घासत होते. मला पाहून पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, कोणी तरी कुंकू लावून राहिलं. मेंढराला बाधंल." आणि माझ्या हातातली बादली घेतली.

शिवकन्या